लांबचा फोटो: दुर्बीण घ्यावी की टेलिफोटो?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. हातात १५०-६०० मिमी फोकल लेंथची झूम लेन्स आहे, तरी समोरच्या झाडाच्या शेंड्यावरचा गरुड फोटोत लहानच येतो. अशात कुणीतरी सांगतं की लेन्सपेक्षा कमी पैशांत १५०० मिमीची दुर्बीण मिळते, आणि ती कॅमेऱ्याला लावताही येते. हिशोब सोपा वाटतो. ६०० च्या अडीचपट १५००, म्हणजे फोटोही अडीचपट भारी.

गरुड अडीचपट मोठा येईल हे खरं. तो अडीचपट स्पष्ट येईल, असं मात्र त्यातून निघत नाही.

फोकल लेंथ फक्त प्रतिमेचा आकार ठरवते. चंद्राचंच घ्या. फोकल लेंथला ११० ने भागलं की सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा पडेल ते कळतं: ६०० ला साडेपाच, १५०० ला साडेतेरा. पण त्या साडेतेरा मिलिमीटरमध्ये बारकावे किती असतील, हे ठरतं पुढून प्रकाश आत घेणाऱ्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर, म्हणजे अ‍ॅपर्चरवर. प्रकाश लहरींसारखा वागतो. गोल तोंडातून आत येताना तो थोडा पसरतो, त्यामुळे ताऱ्यासारख्या बिंदूचाही सेन्सरवर बिंदू न पडता बारीकशी चकती पडते. तोंड जितकं मोठं, तितकं हे पसरणं कमी. काच कितीही महागाची घेतली तरी यातून सुटका नाही.

याचा हिशोब तोंडी करता येतो. १३८ ला अ‍ॅपर्चरच्या मिलिमीटरने भागायचं, उत्तर विकलेत येतं. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. किलोमीटरभर अंतरावर ती जेमतेम पाच मिलिमीटर भरते. उत्तर जितक्या विकला येईल, तितक्या अंतरावरचे दोन बिंदू ते उपकरण कसेबसे वेगळे दाखवतं. त्याहून जवळचे एकमेकांत मिसळतात.

लेन्सवर अ‍ॅपर्चर मिलिमीटरमध्ये छापलेलं नसतं, पण फोकल लेंथला एफ नंबरने भागलं की ते मिळतं. ६०० मिमी एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी, म्हणून साधारण १.४५ विकला. १५०० मिमीची जी दुर्बीण लोक सुचवतात ती बहुधा १२७ मिमीची मॅक्सुतोव, म्हणजे आरशाची दुर्बीण, असते. तिचं उत्तर १.०९. म्हणजे अडीचपट मोठी प्रतिमा देणारी दुर्बीण बारकाव्यात पुढे आहे ती फक्त १.३ पट. आणि दहा लाखांच्या पुढची ती प्रसिद्ध ६०० मिमी एफ/४ लेन्स? तिचं अ‍ॅपर्चर १५० मिमी, उत्तर ०.९२. फोकल लेंथ निम्म्याहून कमी असूनही ती १५०० च्या दुर्बिणीपेक्षा बारीक पाहते.

हा नियम कळला की जाहिरातीतले आकडे वेगळे दिसायला लागतात. निकॉनचा पी१००० हा २०१८ मध्ये आलेला कॅमेरा ३००० मिमीच्या झूमसाठी ओळखला जातो. त्याची खरी फोकल लेंथ ५३९ मिमी आहे. ३००० हा आकडा मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या तुलनेत आहे, आणि तो येतो इवल्याशा सेन्सरमुळे. ५३९ ला एफ/८ ने भागलं की अ‍ॅपर्चर ६७ मिमी, उत्तर दोन विकला. पूर्ण झूमवर चंद्र फ्रेममध्ये मावत नाही, बघायला मजा येते, गळ्यात अडकवून गडावरही नेता येतो. पण बारकावे ६७ मिमीइतकेच.

पिक्सेलचंही इथेच उरकू. एक पिक्सेल आकाशाचा किती भाग टिपतो, हे काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६ ने गुणायचं आणि फोकल लेंथने भागायचं. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सर) पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. ६०० च्या लेन्सवर तो १.३ विकला टिपतो. म्हणजे लेन्स जितकं बारीक दाखवू शकते ते पिक्सेलच्या जाळीतून थोडं निसटतं. इथे फोकल लेंथ वाढवायला खरंच वाव आहे. १५०० च्या दुर्बिणीवर तोच पिक्सेल ०.५४ विकला टिपतो, म्हणजे तिच्या सर्वांत बारीक तपशिलाला दोन पिक्सेल मिळतात. हे माप चपखल आहे. पी१००० मध्ये एकेका तपशिलाला चार पिक्सेल येतात. त्यापुढे कितीही झूम केलं तरी नवीन काही दिसत नाही, आहे तोच धुरकटपणा मोठा होतो.

काचा किती आणि कशासाठी

दुर्बीण आणि टेलिफोटो लेन्स दोन्ही लांबचंच दाखवतात, पण बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर वेगवेगळी गिऱ्हाइकं असतात.

दुर्बिणीचं काम एका ठरलेल्या गोष्टीसाठी असतं: अनंत अंतरावरची वस्तू, नजरेच्या बरोबर मध्यभागी, गडबड न करणारी. त्यामुळे चांगल्या ईडी काचेच्या (रंग कमी फाकवणारी खास काच) भिंगाच्या दुर्बिणीत दोन किंवा तीन काचा पुरतात. सगळी मेहनत त्या दोन-तीन काचांवर जाते. ना ऑटोफोकस, ना झूम, ना अ‍ॅपर्चर लहान करायची पाती. याचा फायदा मध्यभागी दिसतो: त्याच अ‍ॅपर्चरच्या, कितीतरी महाग झूम लेन्सच्या तोडीस तोड प्रतिमा. तोटा कडेला दिसतो. दोन काचांच्या दुर्बिणीची प्रतिमा सपाट पडत नाही, किंचित वाटीसारखी वळते. मध्यभागी फोकस नीट केला की कोपऱ्यातले तारे पसरतात. त्यासाठी मागे फ्लॅटनर नावाचं वेगळं भिंग लावावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे.

टेलिफोटो लेन्सचं गिऱ्हाईक उडत असतं, पळत असतं, नाहीतर मैदानात चेंडूमागे धावत असतं. लेन्सच्या पुढच्या काचा प्रकाश एकत्र आणतात, मागच्या काचा तो पुन्हा थोडा फाकवतात. त्यामुळे नळी फोकल लेंथपेक्षा आखूड ठेवता येते. वर झूम, हात थरथरला तरी सावरणारं स्टॅबिलायझेशन, क्षणात सरकणारा ऑटोफोकस आणि कोपऱ्यापर्यंत सारखी प्रतिमा. हे सगळं सांभाळता सांभाळता काचांची संख्या कुठल्या कुठे जाते. सोनीच्या २००-६०० मध्ये २४ काचा आहेत, टॅमरॉनच्या १५०-६०० च्या दुसऱ्या आवृत्तीत २१. झूम लेन्सच्या किमतीतला मोठा वाटा या धावपळीचा असतो.

तिसरा प्रकार आरशाच्या दुर्बिणींचा: मॅक्सुतोव आणि श्मिट-कॅसेग्रेन. यात प्रकाश मागच्या मोठ्या आरशावर आपटून पुढे येतो, तिथल्या लहान आरशावरून परत मागे जातो आणि मधल्या भोकातून कॅमेऱ्यात शिरतो. दीड-दोन मीटरची फोकल लेंथ हातभर नळीत मावते, किंमतही आवाक्यात राहते. पण तो लहान आरसा वाटेतच बसलेला असतो. त्याची सावली प्रतिमेवर डाग म्हणून दिसत नाही, पण कॉन्ट्रास्ट खाते. ढोबळ नियम असा की फिकट, सौम्य बारकाव्यांच्या बाबतीत अशी दुर्बीण, तिच्या व्यासातून मधल्या आरशाचा व्यास वजा केल्यावर जे उरेल, तेवढ्या भिंगाच्या दुर्बिणीसारखी वागते. १२७ मधून चाळीसएक मिलिमीटर गेले की उरतात ८५-८७. चंद्रावरच्या विवराची काळीकुट्ट सावली आणि लख्ख कडा यांना याचा फारसा फरक पडत नाही. चंडोलाच्या पाठीवरच्या तपकिरीवर तपकिरी रेषांना पडतो, आणि भरपूर पडतो. पिसं ‘मऊ’ आली अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं एक कारण हे. शिवाय मागे पाण्यावर उन्हाचे ठिपके असतील तर प्रत्येक ठिपक्याचा मेदूवडा होतो.

मधली हवा

आता या सगळ्या हिशोबावर पाणी फिरवणारी गोष्ट.

पर्वतीवरून सिंहगड सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटर. इतक्या अंतरावर एक विकला म्हणजे आठ सेंटिमीटर. १२७ मिमीच्या दुर्बिणीला कागदावर तरी गडावरच्या टीव्ही टॉवरचे नऊ-दहा सेंटिमीटरचे लोखंडी तुकडे वेगळे दिसायला हवेत. सकाळी अकरा वाजता प्रयत्न करून बघा. तापलेल्या छपरांवरून आणि रस्त्यांवरून उठणारी हवा प्रकाशाला सतत इकडेतिकडे वाकवत असते. जमिनीलगतच्या हवेतून आडवं पाहताना ही थरथर दहा विकलांच्याही पुढे सहज जाते. दहा विकला म्हणजे तिथे ८० सेंटिमीटर. टॉवरची जाळी सोडा, अख्खा टॉवर नाचताना दिसतो. अशा वेळी ६७ मिमीचा कॅमेरा आणि २०० मिमीची दुर्बीण यांच्यात फरक राहत नाही. उलट दुर्बीण ती थरथर जास्त मोठी करून दाखवते, म्हणून तिचाच फोटो वाईट वाटतो. लोक मग लेन्स बदलतात, दुर्बीण विकतात, नवी बॉडी घेतात. अलार्म लावून पहाटे उठणं फुकट आहे, पण ते सुचवलं की चेहरे पडतात.

धूसरपणा आणि थरथर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. धूसरपणा धुळीचा, धुराचा आणि बाष्पाचा. तो एडिटिंगमध्ये थोडाफार काढता येतो, आणि पावसाने हवा धुऊन काढल्यावर आपोआप जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दोन तास उघडला की सिंहगड अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो तो यामुळेच. थरथर उन्हाची, ती सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. ती टाळायची तर सूर्योदयाच्या आसपासची वेळ, ढगाळ दिवस आणि डोंगरावरून डोंगराकडे जाणारी नजर, म्हणजे खालची तापलेली हवा वाटेत येत नाही. कळसूबाईवरून अलंग-मदन-कुलंगचे फोटो चांगले येतात, त्यात लेन्सइतकाच वाटा उंचीचा आहे.

जवळच्या अंतरावरही हीच गोष्ट आड येते. सासवडच्या माळरानावर गाडीतून फोटो काढणारे पुष्कळ असतात. इंजिन चालू असेल आणि पक्षी गाडीच्या नाकासमोर असेल, तर बॉनेटवरची गरम हवा थेट लेन्सपुढून जाते आणि पन्नास मीटरवरचा धाविकसुद्धा धुरकट येतो. एसी गाडीतून काढलेली गार लेन्स बाहेरच्या उन्हात धरली तर लेन्स हूडच्या आतच गार-गरम हवेची घुसळण चालू होते. दहा-पंधरा मिनिटं लेन्स बाहेर राहू द्यावी, मग बटण दाबावं.

मग कशासाठी काय

पक्षी, प्राणी, क्रिकेट, उडणारं काहीही: टेलिफोटो लेन्स. यात घोळ घालू नका. १२७ मिमीची मॅक्सुतोव एफ/११.८ असते. एफ/६.३ च्या लेन्सच्या तुलनेत सेन्सरवर साडेतीन पट कमी उजेड पडतो. जिथे लेन्सवर एक हजारांश सेकंदाला आयएसओ ८०० पुरलं असतं तिथे दुर्बिणीला २८०० लागणार, आणि मधल्या आरशाने अडवलेला उजेड वेगळाच. फोकस हाताने. क्रॉप सेन्सरवर नजरेत येणारी रुंदी एक अंशाच्याही आत, म्हणजे भिगवणला पाण्यावरून निघालेला रोहित (फ्लेमिंगो) फ्रेममध्ये सापडेपर्यंत तो पलीकडच्या काठाला गेलेला असतो. ६०० च्या फोटोतून क्रॉप करा, नाहीतर दहा पावलं पुढे जा. अंतर निम्मं करणं हे फोकल लेंथ दुप्पट करण्यापेक्षा कायमच चांगलं, कारण त्यात मधली हवाही निम्मी होते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, फोकल लेंथ वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला तर एफ/६.३ चं एफ/९ होतं आणि अ‍ॅपर्चर मात्र तेच ९५ मिमी राहतं, हेही लक्षात ठेवा.

एक अपवाद आहे. खाडीच्या चिखलात उभा असलेला, फारसा न हलणारा पक्षी ओळखायचा असेल, किंवा बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पायात घातलेल्या कडीवरची अक्षरं वाचायची असतील, तर स्पॉटिंग स्कोपच्या (पक्षी बघायची छोटी दुर्बीण) आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल लावून काढलेला फोटो लाखाच्या लेन्सला भारी पडतो. तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा नसतो. नोंद होते, काम होतं.

चंद्र आणि ग्रह मात्र दुर्बिणीचं घर. गुरूची चकती जेमतेम ४५ विकलांची. ६०० मिमीवर ती सेन्सरवर तेहेतीसेक पिक्सेल भरते, १५०० वर ऐंशीच्या आसपास. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेनला दुप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की दोनशेच्या वर. तेहेतीस पिक्सेलमध्ये दोन पट्टे दिसले तर नशीब. शिवाय इथे हवेला चकवायची सोय आहे. एक फोटो काढायचाच नाही. मिनिट-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. हवा क्षणभर स्थिर होते तेव्हाच्या फ्रेम स्पष्ट येतात. सॉफ्टवेअर हजारो फ्रेममधून त्या निवडतं, एकावर एक रचतं आणि त्यातून शार्प चित्र काढतं. गुरू बिचारा बसून राहतो म्हणून हे जमतं. गरुडाला ही विनंती करता येत नाही.

चंद्राचा फोटो पौर्णिमेला काढू नका. समोरून ऊन पडलेलं असतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. चंद्रावर एक विकला म्हणजे साधारण १.९ किलोमीटर. प्लेटो नावाच्या मोठ्या विवराच्या तळावर दोन-अडीच किलोमीटरची काही लहान विवरं आहेत. ती तुमच्या फोटोत आली तर दुर्बीण, फोकस आणि हवा तिन्ही पास झाले असं समजा. ६०० च्या झूमकडून ती अपेक्षा नको. एक्स्पोजरसाठी जुना नियम चालतो: एफ/११ ला आयएसओ जितका, तितक्या भागाचा सेकंद, म्हणजे आयएसओ १०० ला एक शतांश, अष्टमीच्या चंद्राला याहून थोडा जास्त वेळ द्या. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, पण इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये ते नडत नाही. नडतो तो ट्रायपॉड. दीड हजार मिमीवर बटण दाबलेल्या बोटाचा धक्का विरायला सेकंद-दोन सेकंद लागतात, म्हणून टायमर लावा, मधला खांब वर काढू नका आणि वाऱ्याला पाठ द्या.

सूर्याचं एक वाक्य सगळ्यांना लागू: दुर्बीण असो की लेन्स, पुढच्या तोंडावर खास सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय ती सूर्याकडे वळवायची नाही. मागे आयपीसला लावायचे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि डोळा जातो.

या दोन घराण्यांची अदलाबदल झालेली उदाहरणंही आहेत. कॅननने १९९३ मध्ये १२०० मिमी एफ/५.६ लेन्स काढली: अ‍ॅपर्चर २१४ मिमी, वजन साडेसोळा किलो, किंमत बंगल्यासारखी. जवळपास तेवढ्याच अ‍ॅपर्चरची, २०३ मिमीची आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन साडेपाच-सहा किलोची असते आणि हौशी माणूस पैसे साठवून ती घेऊ शकतो. उलट बाजूने, पीटर व्हॅन डोकम आणि रॉबर्टो अब्राहम या खगोलशास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोत कॅननच्या ४०० मिमी एफ/२.८ लेन्सच एकत्र बांधून दुर्बीण उभी केली. २०१३ मध्ये सुरुवात झाली आणि पुढे लेन्सची संख्या ४८ वर गेली. नाव ड्रॅगनफ्लाय. त्यांना बारकावे नको होते. दीर्घिकांभोवतीचा अतिशय मंद, पसरट उजेड हवा होता. वाटेत आरसा नसलेल्या आणि काचेवर उत्तम लेप असलेल्या लेन्समध्ये प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही, म्हणून अशा उजेडासाठी त्या सरस ठरतात. कोमा दीर्घिका समूहातल्या फिकट, विरळ दीर्घिका त्यांना या लेन्समधूनच सापडल्या.

घ्यायला निघालात तर दोन गोष्टी. डब्यावर ४५० पट, ५२५ पट असं छापलेल्या साठ-सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणी सोडून द्या. अ‍ॅपर्चर जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपुढचं मोठेपण कामाचं नसतं. पुण्यात असाल तर आधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांना भेटा. १९४४ पासूनची संस्था आहे, वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघून मग ठरवता येतं.

दुसरी गोष्ट दुकानात तपासायची. कॅमेरा जोडायला तुमच्या बॉडीच्या माउंटची टी-रिंग (जोडणारी कडी) आणि एक नळी लागते, ती किरकोळ किमतीत मिळते. पण न्यूटोनियन प्रकारच्या, म्हणजे बाजूने डोकवायच्या बऱ्याच स्वस्त दुर्बिणींत प्रतिमा नळीच्या बाहेर इतकी कमी येते की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथपर्यंत पोहोचतच नाही. डोळ्याला झकास दिसतं, कॅमेरा लावला की फोकसर (फोकस जुळवायची सरकती नळी) आत आत जाऊन थांबतो आणि तरीही सगळं पुसटच. म्हणून स्वतःची बॉडी आणि टी-रिंग सोबत न्या, दुर्बीण दाराबाहेर काढून रस्त्याच्या टोकाच्या एखाद्या खांबावर धरा, आणि फोकस येऊन पुन्हा पलीकडे जातो का ते बघा. पलीकडे गेला पाहिजे. नुसता टोकाला टेकून आला तर चंद्रावर तो येणार नाही, कारण चंद्र खांबापेक्षा लांब आहे आणि फोकसर अजून आत न्यावा लागतो.